न चाखलेल्या शराबीचा इतिहास

उर्दूत 'दर्द' आणि 'दुर्द' हे दोन शब्द एकसारखेच लिहितात. दाल, रे, दाल. जेर-जबर-पेश छापलेले नसले, आणि ते बहुधा नसतेच, तर आठवी-नववीचे मूल तो शब्द 'दर्द' असाच वाचते. दर्द म्हणजे वेदना. ती मुलांच्या ओळखीची असते. दुर्द म्हणजे शराबीच्या तळाशी बसलेला गाळ. तो आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलांनी पाहिलेला नसतो, आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यांनीही पाहिलेला नसतो. तरीही जाम, मीना, खुम, साकी, पीरे-मुगां हे सगळे लटांबर घेऊनच गझल वर्गात येते, आणि त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागतो.

मग एखादे पालक विचारतात, मुलांना शराब कशाला शिकवता? त्यावर आमचे ठरलेले उत्तर असते. शराब म्हणजे इश्क, साकी म्हणजे मुर्शिद, मैखाना म्हणजे खानकाह. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. रूपक उभे राहते ते खऱ्या वस्तूच्या आधाराने. ज्याने समुद्र म्हणजे काय हे कधी ऐकलेच नाही, त्याला भवसागर काय कळणार? दुसऱ्या बाजूने शेजारचे मित्र हसत विचारतात, तुमच्या धर्मात हराम आणि तुमच्या शायरीत पाण्यासारखी, हे कसे? त्यांनाही रूपकाचे अर्धे उत्तर पुरत नाही. दोघांनाही इतिहास सांगावा लागतो, आणि इतिहास सांगायला प्यावे लागत नाही. विषाचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी विष घेऊन पाहावे, असे कोणी म्हणत नाही.

शायरीत जुन्या शराबीला, 'शराबे-कुहना'ला, मोठा मान आहे. जुनी म्हणजे किती जुनी? ती जुनी होताना नेमके काय होते? वर्षावर्षांनी ती पुन्हा चाखणाऱ्यांनी काय लिहून ठेवले? हे शोधायचे तर एखादे द्राक्ष धरून चालणे सोयीचे. आम्ही शिराझ धरले, कारण द्राक्षांच्या हजारो जातींत आमच्या पाठ्यपुस्तकातल्या शहराचे नाव याच जातीला मिळाले आहे. फ्रान्समध्ये तिला सिराह म्हणतात. ऑस्ट्रेलियात आणि आपल्या नाशकात शिराझ. आणि शिराझ म्हणजे सादी आणि हाफिज यांचे गाव.

या नावाची एक गोड कथा आहे. गास्पार द स्तेरिंबेर्ग नावाचा एक सरदार धर्मयुद्धावरून जखमी होऊन परतला, १२२४ च्या सुमारास रोन नदीकाठच्या एका टेकडीवर कुटी बांधून राहिला, आणि त्याने पूर्वेकडून आणलेला शिराझचा वेल तिथे लावला. त्या कुटीवरून टेकडीला एर्मिताज हे नाव पडले. कथा सांगणारे एक गोष्ट विसरतात. हा सरदार ज्या धर्मयुद्धात लढला ते जेरुसलेमचे नव्हतेच. ते दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी पंथाच्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध पुकारलेले युद्ध होते. फ्रान्समधून फ्रान्समध्येच परतणारा माणूस वाटेत इराणचा वेल कुठून उचलणार? अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या माँपेलिए येथील संशोधकांनी डीएनए तपासून वाद मिटवला. सिराहचे आईबाप दोघेही आग्नेय फ्रान्समधले निघाले. एक आर्देशची काळी द्युरेझा, दुसरी साव्हाची पांढरी माँद्यूझ ब्लांश. इराणशी नाते शून्य. जेम्स बझ्बी या गृहस्थाने १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला या वेलाच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, आणि तिथल्या लोकांच्या तोंडी सिराहचे हळूहळू शिराझ झाले.

आमच्यातल्या काहींना हे ऐकून वाईट वाटते. आपल्याकडून एवढी तरी गोष्ट युरोपने नेली, या समाधानालाही मुकलो, असा तो सूर असतो. आम्हाला तसे वाटत नाही. खोट्या वंशावळीने कोणाची शान वाढत नाही, आणि शिराझच्या खऱ्या मद्याचा जो इतिहास आहे तो आमच्या दारापर्यंत येतो.

सतराव्या शतकात शिराझमध्ये मद्य बनवणारे मुख्यतः यहुदी आणि आर्मेनियन होते. इंग्रज आणि डच या दोन्ही कंपन्यांनी सफवी शाहांकडून तिथे मद्य करून घेण्याचा परवाना मिळवला होता. काचेच्या लांब मानेच्या बाटल्या गवतात गुंडाळून, पेट्यांत भरून, खेचरांवर लादून गोम्ब्रून बंदरात, म्हणजे आजच्या बंदर अब्बासला, येत आणि तिथून गलबतांवर सुरतेला. सुरतेच्या वखारीतल्या मेजवानीत शिराझी ठरलेली असे. जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थानात आणि इराणात फिरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात शिराझच्या मद्याची तारीफ आहे. पोटाला मानवणारे, पण थोडे पाणी घालून प्यावे, नाहीतर डोक्यात जाते, असे त्याचे मत. त्याच ग्रंथात १६७४ साली हेन्री ऑक्सिंडेन वकील म्हणून रायगडावर आला होता त्याची हकीकत आहे. शिवराज्याभिषेक आणि शिराझी एकाच पुस्तकात! रायगड आमच्याच तालुक्यात आहे, म्हणून हे पुस्तक महाडच्या लोकांच्या बोलण्यात येते, पण त्याची पुढची पाने सहसा कोणी उलटत नाही.

मात्र हे मद्य सिराह द्राक्षाचे नव्हते. शिराझच्या आसपासच्या वेगळ्याच द्राक्षांचे होते. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात मद्य बनवणे बंद झाले. शहर आहे, नाव आहे, द्राक्षेही आहेत; मद्य नाही. आणि ज्या द्राक्षाचा शिराझशी संबंध नाही, त्याने ते नाव जगभर मिरवावे! नावांचा इतिहास बराचसा असाच असतो.

मद्याच्या पेट्या येण्याच्या कितीतरी आधी शिराझचे शब्द आले. मुहंमद कासिम फिरिश्ता याने विजापुरात बसून लिहिलेल्या इतिहासात एक प्रसंग आहे. बहमनी सुलतान मुहंमद शाह, म्हणजे १३७८ ते १३९७ या काळात राज्य केलेला, विद्वानांचा चाहता होता. त्याचा वजीर मीर फज्लुल्लाह इंजू हा मूळचा शिराझचा. त्याने हाफिजला दख्खनला बोलावणे पाठवले आणि सोबत वाटखर्चाचे पैसेही. हाफिजने त्यातले काही बहिणीच्या मुलांना दिले, काहींतून कर्ज फेडले. उरलेले वाटेत, लार गावी, लुटल्या गेलेल्या एका मित्राच्या हाती ठेवले. मग हिंदुस्थानकडे निघालेल्या दोन व्यापाऱ्यांनी त्याचा खर्च उचलून त्याला होर्मुझला पोचवले. तो दख्खनला निघालेल्या जहाजावर चढला. तेवढ्यात वादळ उठले. हाफिज घाबरला, काहीतरी निमित्त काढून उतरला आणि एक गझल लिहून जहाजासोबत पाठवून दिली. फिरिश्त्याने हे दोनशेहून अधिक वर्षांनी लिहिले, तेव्हा त्यातले कोणते तपशील पक्के आणि कोणते रंगवलेले हे ज्याने त्याने ठरवावे. पण होर्मुझहून बहमनी मुलखाकडे येणारी जहाजे कोकणच्या बंदरांना लागत हे पक्के आहे. महमूद गावान १४५३ साली दाभोळलाच उतरला. वादळ आले नसते तर हाफिजचे पहिले पाऊल आमच्या कोकणच्या चिखलात पडले असते. हा विचार मनात आला की शिकवताना जरा बरे वाटते.

शब्द मात्र उतरले आणि मुरले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहासाठी, दुसऱ्या बुऱ्हाणासाठी, नूरुद्दीन जुहूरीने जे 'साकीनामा' लिहिले ते फारसीतल्या नामांकित साकीनाम्यांपैकी एक आहे. आमची सावित्री नदी निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातली सरहद्द होती. म्हणजे साकीनामा ज्या दरबारात वाचले गेले त्याची हद्द आमच्या नदीकाठापर्यंत होती. मराठी मुलखातल्या शहरात एक इराणी कवी बसतो आणि साकीला हाक मारतो. उर्दू गझलेतला साकी असा फिरत फिरत आला आहे. तो परका नाही.

याही मागे जायचे तर पाल्याला जावे लागते. महाड गावाच्या वेशीवर, मुंबई-गोवा रस्त्यालगत, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. ख्रिस्ती सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी पुस्तिकेत कल्याणनंतरच्या बंदरांची यादी आहे. तिच्यात चौलनंतर 'मंदगोरा' आणि मग 'पालैपत्मै' असे नाव येते. अनेक अभ्यासकांनी ते हेच पाले मानले आहे. सावित्रीतून भरतीच्या पाण्याबरोबर महाडपर्यंत माल येई, आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढे. त्याच पुस्तिकेत भरूचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य नोंदले आहे. इटलीच्या मद्याला पसंती, शिवाय लाओदिकिया आणि अरबस्तानचेही. दोन कानांच्या उंच मातीच्या रांजणांतून, ज्यांना अँफोरा म्हणतात, ते येई. त्या रांजणांचे तुकडे घारापुरीपासून नेवाशापर्यंत सापडले आहेत. रोमन जहाजे परत जाताना न्यायची ती मुख्यतः मलबारची मिरी. प्लिनी हा रोमन लेखक काळ्या मिरीचा भाव पौंडाला चार दिनारियस असा देतो, आणि एवढ्याशा तिखट दाण्यापायी रोमचे सोने हिंदुस्थानात जाते म्हणून चडफडतो. (दिनारियस हाच पुढे अरबी दीनार झाला, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.)

हाच प्लिनी जुन्या मद्याचा पहिला मोठा साक्षीदार आहे. इसवी सनापूर्वी १२१ साली, लुसियस ओपिमियस कॉन्सल असताना, इटलीत द्राक्षांचे असे वर्ष आले की त्या वर्षाचे मद्य 'ओपिमियन' म्हणून पिढ्यान्पिढ्या जपले गेले. प्लिनीच्या काळी त्याला जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती. ते आटून कडसर मधासारखे घट्ट झाले आहे, नुसते पिता येत नाही, थेंबभर दुसऱ्या मद्यात घालतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याची किंमत चवीपेक्षा वयाची होती. शायरीतल्या शराबे-कुहनाचा विचार करताना आम्हाला हा घट्ट कडू मध आठवतो. जुने म्हणजे नेहमी चांगलेच, असे नाही.

रोमनांनंतर युरोप ही विद्या विसरला. रांजणाऐवजी लाकडी पिंपे आली. पिंपातून हवा जाते, मद्य वर्षभरात आंबट होऊ लागते. त्यामुळे शेकडो वर्षे नवे मद्य महाग आणि गेल्या वर्षीचे स्वस्त, असा उलटा बाजार होता. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काच होऊ लागली, बाटलीच्या तोंडाला कॉर्कचे बूच आले, आणि मद्य पुन्हा दशकानुदशके ठेवता येऊ लागले.

सिराहसारखे काळेकुट्ट द्राक्ष या बाटलीत आपले खरे रूप दाखवते. रोन नदीच्या उत्तर भागातल्या उभ्या दगडी उतारांवर, एर्मिताज, कोत-रोती, कोर्नास या भागांत, हवा थंड. तिथे फळ सावकाश पिकते, साखर बेताची राहते, आंबटपणा टिकतो. पहिल्या काही वर्षांत ते मद्य जांभळट काळे असते. वास काळ्या फळांचा, फुलांचा, आणि ठेचलेल्या मिरीचा. तोंडात मात्र कात चघळल्यासारखे तुरट. हा तुरटपणा सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिनचा. पाच-सात वर्षांनी पुष्कळदा ते मुके होते. वास नाही, चव नाही, चाखणारे निराश होतात. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बोलू लागते. टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. हाच आमचा दुर्द. वर उरलेले मद्य फिकट, विटकरी होते. फळाचा वास ओसरतो आणि त्या जागी चामडे, धूर, वाळलेली पाने, शिजवलेले मांस असले वास येतात. चांगल्या वर्षाचे एर्मिताज तीस-चाळीस वर्षे असे बदलत राहते. पॉल जाबुले यांच्या कोठीतले १९६१ सालचे 'ला शापेल' दशकांमागून दशके उघडून चाखले गेले आणि विसाव्या शतकातल्या थोर मद्यांत त्याची गणना झाली.

दुर्दची ही रीत कळली की पुष्कळ शेर उलगडतात. दुर्द हा नुसता कचरा नाही. मद्यातला जो कडवटपणा होता तोच तळाशी गेला, म्हणून वरचे निवळले. मैफिलीत मान्यवरांना निवळ मिळते, शेवटी येणाऱ्या गरिबाला दुर्द. तो पिणारा 'दुर्दकश'. त्याचे दुःख आणि त्याचा अभिमान दोन्ही त्या एका शब्दात आहेत, आणि मुलाने तो चुकून 'दर्द' वाचला तरी अर्थ पार बिघडत नाही! फारसी कवींनी या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर खेळ केला तो उगाच नव्हे.

मिरीचे मात्र कोडे होते. द्राक्षात मिरीचा वास कुठून? आणि तो थंड प्रदेशातल्या सिराहलाच ठसठशीत का? २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उत्तर दिले. रोटुंडोन नावाचे एक द्रव्य सिराहच्या सालीत असते, आणि काळ्या मिरीचा वास ज्याने येतो तेही हेच द्रव्य. लिटरभर मद्यात एका ग्रॅमचे काही अब्जांश एवढे असले तरी नाकाला कळते. थंड हवेत, सावलीतल्या घडांत ते जास्त साठते. गंमत अशी की दर पाच माणसांतल्या साधारण एकाला ते कितीही असले तरी जाणवतच नाही. एकच पेला दोघांनी हुंगावा, एकाला मिरी लागावी आणि दुसऱ्याला काहीच नाही, आणि दोघेही खरे बोलत असावेत!

याहून नवल त्या नावाचे. रोटुंडोन हे नाव सायपेरस रोटुंडस या वनस्पतीवरून आले, कारण ते द्रव्य आधी तिच्या कंदात सापडले होते. सायपेरस रोटुंडस म्हणजे आपला नागरमोथा. महाड-पोलादपूरच्या भातखाचरांच्या बांधावर तो तण म्हणून उपटून फेकतात. दिवाळीच्या उटण्यात तोच असतो. आमच्या युनानी हकिमांच्या पुड्यांत तो 'साद कूफी' या नावाने असतो, आणि अत्तरवाले त्याचा अर्क काढतात. म्हणजे रोमन जहाजे आपले मद्य देऊन मिरी नेत होती, आणि दोन हजार वर्षांनी कळले की युरोपातल्या थंड टेकडीवरच्या मद्यात मिरीचेच द्रव्य जन्मते, आणि तेच आमच्या बांधावरच्या गवताच्या मुळातही आहे. ज्याने मिरी ठेचली आहे त्याला या मद्याच्या निदान एका अंगाची ओळख घरबसल्या आहे, आणि त्यात पाप कसले?

वर्षानुवर्षे तीच बाटली चाखून पाहण्याने काय होते याची एक गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. ती थंड प्रदेशातली नाही, तरी सांगावीशी वाटते. पेनफोल्ड्स कंपनीचा मॅक्स शूबर्ट १९५० साली युरोपात गेला होता. बोर्दोमध्ये त्याने चाळीस-पन्नास वर्षांची जिवंत मद्ये चाखली आणि परत येऊन १९५१ पासून शिराझ द्राक्षाचे 'ग्रेंज' बनवू लागला. काही वर्षांनी सिडनीत वरिष्ठांना आणि जाणकारांना चाखायला दिले, तर सगळ्यांनी नाक मुरडले. रानफळांत चिरडलेल्या मुंग्या मिसळल्यासारखे, असेही कोणी म्हणाले. १९५७ साली हुकूम आला, हे बंद करा. शूबर्टने १९५७, ५८ आणि ५९ ही तीन वर्षे गुपचूप बनवून तळघरात लपवून ठेवले. तोवर आधीच्या बाटल्या मुरल्या होत्या. त्या पुन्हा उघडल्या तेव्हा त्याच जाणकारांचे मत पालटले, आणि १९६० ला पुन्हा बनवण्याची परवानगी आली. १९५५ च्या मद्याला १९६२ साली सिडनीत सुवर्णपदक मिळाले. मद्य तेच होते. निकाल देणाऱ्यांना धीर नव्हता. शाळेत सहामाहीच्या गुणांवरून मुलाचे भविष्य सांगणाऱ्या मंडळींना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो, मद्याचे नाव न घेता.

आपल्या महाराष्ट्रात द्राक्ष नवे नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे त्याने लिहून ठेवले. मोरोक्कोच्या माणसाला त्याचे आश्चर्य वाटणे साहजिक होते. युरोपात आणि मगरिबात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून नाशिकचा बागाईतदार आजही वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलची खरड छाटणी काड्या तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची फळासाठी. फळ हिवाळ्यात वाढते, मद्याची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास उंची आणि हिवाळ्यातल्या गार रात्री, हीच आपली 'थंड हवा'. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने मोठा आरंभ केला. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुलाची मद्ये २००० साली बाजारात आली आणि पुढे शिराझचीही. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत महिनाभर हाच विषय होता. त्या वादात आमची बाजू उघड आहे, ती इथे मांडत बसत नाही. एवढेच नोंदवतो की नाशिकचा शिराझ अजून पंचविशीतला आहे. एर्मिताजच्या हिशेबाने हे भर तारुण्य, आणि उकाड्याच्या देशात बाटली जपणे सोपे नाही. तळघर थंड नसेल तर दहा वर्षांचे म्हातारपण दोन वर्षांत येते.

कोकणात तर वेल लावून उपयोगच नाही. महाडला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जावे तर हवा रोनसारखी थंड, पण पाऊस साडेपाच हजारांच्या आसपास. द्राक्षाला बुरशी लागायला एवढा ओलावा कितीतरी जास्त झाला. कोकणचे आपले पेय माडाचे. खाडीकाठचे भंडारी पहाटे माडावरून उतरवतात ती नीरा. उन्हे चढली की ती फसफसून माडी होते. दुसऱ्या दिवशी आंबट. एर्मिताज ज्या वाटेने चाळीस वर्षे चालते ती वाट माडी दीड दिवसात संपवते, आणि शेवटी दोघींचा मुक्काम एकच. सिरका.

सिरका आमच्या घरात कांद्यावर पडतो, लोणच्यात पडतो. सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की पैगंबरसाहेबांनी सिरक्याला उत्तम सालन म्हणून वाखाणले. पण शराबीचा सिरका झाला तर तो हलाल की हराम? इथे आमच्या तालुक्यातच दोन मते आहेत. कोकणी मुसलमान शाफई, कारण आमचे पूर्वज अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांबरोबर तो मजहब घेऊन आले. घाटावरून उतरून स्थायिक झालेली कुटुंबे बहुतेक हनफी. हनफी फुकहा म्हणतात, शराबीचे रूप पालटले की हुकूमही पालटला. मीठ घालून केलेला असो वा आपोआप झालेला, सिरका पाक. शाफई फुकहा म्हणतात, मुद्दाम काही घालून आंबवलेला सिरका चालणार नाही, कारण घातलेली वस्तूच आधी नापाक झाली. काही न घालता, आपल्या आपण, काळाने झालेला असेल तरच चालेल. तेव्हा एखाद्या जुन्या बाटलीचे बूच वर्षानुवर्षे सुकत गेले, आत हवा शिरली, आणि कोणी हातही न लावता आतल्या शराबीचा सिरका झाला, तर तो महाडच्या दोन्ही मजहबांच्या दस्तरखानावर हलाल आहे.